रायफलीवरचा पांढरा डाग

आमच्या घरात रायफल आली आणि चार दिवसांत एकच जण जायबंदी झालं. रायफल.

रायफल म्हणजे छर्‍यांची, नेमबाजीची. माझी मुलगी सायली दोन वर्षं दुसऱ्यांच्या रायफली मागून शिकली. रविवारी तिची बारामतीला स्पर्धा होती, म्हणून सोमवारी तिला स्वतःची घेऊन दिली. मी लगेच वहीत कामं लिहिली. १. पावती फाइलला लावणे. २. खोक्याला हळदकुंकू (हे खातं सासूबाईंचं. आमच्याकडे ट्रॅक्टर असो नाहीतर मिक्सर, हळदकुंकवाशिवाय सुरू होत नाही!). ३. वस्तूची तपासणी.

तिसरं काम ऊसतोडीच्या टोळीमुळे गुरुवारवर गेलं. सायलीने तोवर दोन दिवस सरावही केला. सासूबाई गुरुवारी पहाटेच टोळीबरोबर उसात गेल्या, आणि मी खोकं उघडलं. काळ्याभोर नळीवर अंगठ्याएवढा पांढुरका डाग!

मी सायलीला हाक मारली.

"सायले, हा डाग कधीचा?"

"काल तर न्हवता. जाऊ दे की आई, छर्रा नळीच्या आतनं जातो, वरनं न्हाय!"

"काल नव्हता? म्हणजे रंग रोज उडतोय! रविवारपर्यंत नळी तरी राहील का?" (एरवी मी यापेक्षा शहाणी असते.)

दुकानदाराला फोन लावला.

"घेऊन या वहिनी. रंगाचा दोष निघाला तर कंपनी बदलून देती. पंधरा दिवस लागत्याल."

पंधरा दिवस! स्पर्धेला उरलेले तीन. सायलीचा चेहरा खर्रकन उतरला.

"मग मी रविवारी काय करू? तोंडानं ठो ठो?"

आता मात्र पेच पडला. परत दिली तर पोरीची स्पर्धा जाणार, नाही दिली तर सदोष वस्तू कायमची गळ्यात पडणार. मी आधी खोक्यावर कागद चिकटवला : 'कोणीही हात लावू नये. पुरावा आहे.' मग विचार केला, डाग तेवढाच असेल तर ठेवून घेऊ. सगळा रंगच कच्चा असेल तर परत. हे कळायचं कसं? मी नवं पातेलं आणलं तरी बुडाला घासून बघते. तोच नियम लावला. पुराव्याला धक्का न लावता, नळीच्या खालच्या बाजूला, तारेच्या घासणीने तीन हात दिले.

रंग निघाला! आत पांढरंशुभ्र लोखंड!

"बघा! बघा! कच्चा रंग!" मी ओरडले.

आमचे हे जेवत होते. त्यांनी वाकून पाहिलं. "तारंच्या घासणीनं माझाबी रंग निघंल की."

शुक्रवारी मी, सायली आणि सासूबाई अंथुर्ण्याहून एसटीने निघालो. (सासूबाईंना बांगड्या भरायच्या होत्या. रायफल 'दुकानात दाखवायचीय' एवढंच मी त्यांना सांगितलं होतं.) कंडक्टरने खोक्यावर टिचकी मारली.

"ह्यात काय हाय, आजी?"

"बंदूक!" सासूबाई म्हणाल्या.

तिघींना लगेच बसायला जागा मिळाली. सायली मात्र बारामतीपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली. खोकं तिने मांडीवर घट्ट धरलं होतं. मला सारखं वाटत होतं, पोरीचं वाटोळं मीच करतेय. पण वहीत लिहिलेलं काम अर्धवट टाकायची मला सवय नाही.

दुकानदाराने खोक्यावरचा कागद वाचला, चष्मा लावला आणि डागावरून अंगठा फिरवला.

डाग गेला. पार गेला! अंगठा तेवढा पांढरा झाला.

"वहिनी, ही तर राख हाय."

"राख काय म्हणताय?" सासूबाई कडाडल्या. "मोरगावचा अंगारा हाय त्यो!"

दुकानदाराने अंगठा कपाळाला लावला.

"बुधवारी सांजच्याला शेजारची शांता आली, म्हणली, 'केवढी देखणी वस्तू!' मग तीट नको लावाया? काळ्यावर काजळ दिसतंय व्हय? म्हणून वल्या अंगाऱ्याचं बोट वढलं."

"आत्या, मग काल बोलायचं नाही का?" मी सासूबाईंना म्हणाले.

"मी दिवसभर उसात. सांजच्याला आले तर खोक्यावर कागद, हात लावू नका. मला वाटलं, तीट पुसू नये म्हणून लिवलंस. म्हटलं, सून सुधारली!"

दुकानदाराने रायफल उलटी केली. "आन् हे खालचं कुणी केलं?"

"ती... चाचणी होती," मी म्हणाले.

"चाचणी कंपनी बदलून देत न्हाय." त्याने तिथे तेलाचं फडकं फिरवलं. "तेल लावत जावा, गंजणार न्हाय. नेमाला काय बी झालेलं न्हाय."

सायलीने रायफल खोक्यात घातली आणि मी काही बोलायच्या आत दुकानाबाहेर पडली.

रविवारी ती तिसरी आली. सासूबाई अजून वाडीभर सांगतात, "माझी तीट पुसली वो त्या दुकानवाल्यानं. पर सूनबाईनं घासून लावलेली हाय ना, ती जन्माची टिकंल!"

मी त्या शुक्रवारीच घरी येऊन वहीतलं तिसरं काम पुरं केलं होतं. तपासणी : झाली. दोष : एक. दोषाची जागा : घासणी धरणारा उजवा हात. बदलून मिळत नाही.