भिंतीकडची बाजू

हरकत आली आहे, असं वॉर्ड ऑफिसातल्या कारकुनाने फोनवर सांगितलं तेव्हा मी सुरमईला मसाला लावत होते. लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर माझी आणि नवऱ्याची मालवणी खानावळ आहे. आत जेमतेम पाच टेबलं. कोरोनाच्या साथीनंतर लोकांना बंद जागेत बसणं नको वाटू लागलं. दारातून डोकावायचे, "बाहेर बसायची सोय नाही का?" विचारायचे आणि निघून जायचे. बाहेरचा फुटपाथ चांगला रुंद. तिथे तीन टेबलं मांडायची रीतसर परवानगी काढायची, असं आम्ही ठरवलं. न विचारता मांडणारे आमच्या रस्त्यावर होतेच, आणि पालिकेची गाडी आली की टेबलं डोक्यावर घेऊन पळणारेही तेच. मला तसं पळायचं नव्हतं.

अर्ज, नकाशा, ट्रॅफिक पोलिसांचं पत्र, अग्निशमन दलाचा दाखला, यात चार महिने गेले. इन्स्पेक्टर टेप घेऊन आला आणि मोजून गेला. टेबलं भिंतीला लागून, पुढे चालायला सहा फूट मोकळे. "होऊन जाईल," म्हणाला. मग दारावर नोटीस लागली, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. चौदाव्या दिवशी हा फोन.

हात धुऊन तशीच गेले. कारकुनाने कागद पुढे सरकवला. नाव वाचायच्या आधी मी सही ओळखली. तीन वर्षं माझ्या गणिताच्या वहीत ती पाहिली होती. आता ती ओळ सोडून खाली घसरली होती, एवढाच फरक.

सर आमच्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. पालिकेच्या शाळेत आठवी ते दहावी त्यांनी मला शिकवलं. माझं गणित सुटलं ते त्यांच्यामुळे. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले. पत्नी वारल्यापासून ते एकटेच असतात. रोज सकाळी काठी घेऊन चालत बुद्ध विहारापर्यंत जातात आणि दर बुधवारी दुपारी माझ्याकडे जेवतात.

हरकतीत दोनच वाक्यं होती. 'अर्जदार भिंतीकडची बाजू अडवत आहेत. त्यामुळे दृष्टिहीन व्यक्तीस चालताना धोका आहे.' एरवी मला पोरी म्हणणारा माणूस मला अर्जदार म्हणत होता.

दोन्ही बाजूंना समोरासमोर ऐकायला शुक्रवारची तारीख मिळाली. तो दिवस मंगळवार होता.

"उद्या येतील तेव्हा विचारतेच," मी घरी येऊन नवऱ्याला म्हणाले.

"गप रव जरा," तो म्हणाला. "वय काय त्यांचं, आणि तू काय बोलून जाशील."

बुधवारी एक वाजता सर आले, नेहमीच्या कोपऱ्यात बसले. मी ताट ठेवलं की त्यांना सांगायचे, भात कुठे, कढी कुठे, माशाचा काटा कुठल्या बाजूला. त्या दिवशी ताट ठेवलं आणि वळले. गल्ल्यापाशी उभी राहून बघत राहिले. त्यांनी हात उचलला, ताटाच्या कडेला लावला आणि तिथेच ठेवला. बराच वेळ तो हात हलला नाही. शेजारच्या टेबलावरचे दोघं खायचे थांबले.

"आज काय कुठे आहे, सांगितलं नाहीस," सर म्हणाले.

"भात समोर. बांगडा उजवीकडे. काटा वरच्या बाजूला," मी उभ्या जागेवरूनच म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"हरकत वाचलीस वाटतं," एवढंच बोलून ते जेवायला लागले. अर्धं ताट तसंच ठेवून उठले. मी हात द्यायला पुढे झाले नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. रागाने नाही लागली की लाजेने, ते तेव्हाही कळत नव्हतं.

शुक्रवारी वॉर्ड ऑफिसात आम्ही एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलो. आत गेल्यावर अधिकारी बाईंनी माझा नकाशा उघडला. "सहा फूट सुटतायत. व्हीलचेअरसुद्धा जाईल. तुमचं म्हणणं काय, सर?"

"मला सहा फूट दिसत नाहीत, मॅडम. मला भिंत लागते. काठी भिंतीला टेकवत मी चालतो. हिने भिंत घेतली तर मी कशाला धरून जाऊ?"

"मग माझी माणसं हात धरून नेतील की," मी मध्येच बोलले.

"मला कुणाचा हात नकोय," सर म्हणाले. माझ्याकडे वळलेही नाहीत.

बाईंनी दोघांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी दहाला जागेवर. टेबलं मांडून ठेवा. चालून बघू."

शनिवारी आम्ही नकाशाप्रमाणे टेबलं मांडली. खुर्च्यांवर नवरा आणि नेहमीची गिऱ्हाइकं बसवली. मी पुन्हापुन्हा खुर्च्या आत ढकलत होते, पण बसलेला माणूस खुर्ची मागे घेतोच. कोणी पिशवी खाली ठेवली. रस्त्याकडच्या बाजूला एक स्कूटर उभी होती. अधिकारी बाई आणि इन्स्पेक्टर एका बाजूला, चाळीतली माणसं गॅलरीत.

सर भिंतीच्या कडेने आले. पहिल्या टेबलाला काठी लागली, ते थांबले. डावीकडे सरकले, काठी खुर्चीच्या पायात गेली, ती सोडवून आणखी डावीकडे. आता हाताशी काहीच नव्हतं. काठी हवेत अर्धगोल फिरवत ते तिरके चालू लागले. सरळ चाललोय असंच त्यांना वाटत असणार. स्कूटरला वळसा घालून ते फुटपाथच्या अगदी कडेला आले. समोरून बस येत होती. त्यांनी पाय उचलला.

"सर, थांबा!" मी ओरडले आणि धावले. दंड पकडून मागे ओढलं तेव्हा बस हॉर्न वाजवत गेली. त्यांनी माझा हात झटकला नाही.

मी अधिकारी बाईंना तिथेच म्हणाले, "टेबलं रस्त्याकडच्या बाजूला घेते. भिंत मोकळी राहू दे."

"तिकडे झाड आणि गटाराचं झाकण आहे. दोनच बसतील. नकाशा नवा लागेल," इन्स्पेक्टर म्हणाला.

"दोन तर दोन."

परवानगी यायला आणखी सात आठवडे लागले. भिंतीपासून पाच फुटांत काहीही ठेवू नये, ही अट तिच्यात लिहून आली. कागद घेऊन मी दुसऱ्या मजल्यावर गेले. सरांनी तो मला दोनदा वाचायला लावला. अट कितव्या क्रमांकावर आहे तेही विचारलं.

"मला आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "खालीच तर होते मी."

"सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी टेबलं हलवली असतीस. मी गेल्यावर परत जागेवर. माझ्यासारखा दुसरा कोणी आला तर त्याने तुझी ओळख कुठून काढायची?"

मला ते पटलं, पण लागलंही. आपण एवढे जवळचे, आणि यांनी आपल्यावर विश्वास नाही टाकला, हे मनातून गेलं नाही. तसं मी त्यांना बोलून दाखवलं. ते हसले नाहीत, समजूतही घातली नाही. म्हणाले, "राग धर. चालेल." मग उठून चाचपडत स्टोव्हपाशी गेले आणि माझ्यासाठी चहा ठेवला. मी बसून राहिले, मदत केली नाही.