धुतलेले रुबल

कळंब्याच्या चिमणाबाई चौगुले यांनी पहिला रशियन रुबल घेतला, तो गंडभेरुंड समजून. गुजरीतल्या एका सराफाकडे त्या तुटके पैंजण मोडीत द्यायला गेल्या होत्या. वितळवायच्या चांदीत दोन डोक्यांच्या पक्ष्याचे एक नाणे पडले होते. तसा पक्षी त्यांनी देवळाच्या दगडात कोरलेला पाहिला होता. पैंजणांच्या बदल्यात त्यांनी ते नाणेच घरी आणले.

पक्षी गरुड आहे आणि नाणे झारच्या रशियातले आहे, हे पुढे कळले. तोवर ते देव्हाऱ्यात बसले होते. मग दुधाच्या कमाईतून त्यांनी आणखी रुबल जमवले. ही नाणी कोल्हापुरात कशी पोहोचली याच्या कथा पुष्कळ आहेत. एकीलाही पुरावा नाही. नाणी मात्र अस्सल आहेत. वजन, व्यास आणि कडेवरची अक्षरे मी स्वतः तपासली आहेत.

घरात या छंदाला 'परदेशी चिल्लर' म्हणत. चार जाणत्या माणसांनी ती नाणी एकदा पाहावीत, एवढ्यासाठी चिमणाबाईंनी गेल्या वर्षी शाहूपुरीतल्या नाणे प्रदर्शनात टेबल मागितले. तिथल्या पाट्या लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. आदल्या दिवशी संयोजक अमरसिंह यांनी त्यांचा डबा उघडला आणि कपाळाला हात लावला. नाणी नव्या वाटीसारखी लखलखत होती.

"आक्का, ह्ये काय करून ठेवलंयसा?"

"काय म्हंजे? दर लक्ष्मीपूजनाला चिंच लावून धुती की. देवीम्होरं काळी नाणी ठेवू व्हय?"

चांदीवर काळाने चढवलेला काळपट थर हा नाण्याचा इतिहास असतो. घासलेले नाणे प्रदर्शनात घेत नाहीत. हा नियम योग्य आहे, असे माझे मत तेव्हा होते आणि आजही आहे. पण अमरसिंहांनी आवाज खाली आणून लगेच तोडगाही सुचवला.

"उकडल्यालं अंडं फोडून नाण्यांसंगं डब्यात कोंडा. काळी पडत्यात. कुणाला कळत न्हाय. लई जण करत्यात."

चिमणाबाईंनी डबा ओढून घेतला. "लक्ष्मीम्होरली नाणी अंड्यात घालू? आनि वर लोकास्नी सांगू, हात लावला न्हाय म्हून?"

"मग टेबल न्हाय मिळायचं, आक्का."

"नगं दिऊस. धुतल्यालं चालंना, फसवल्यालं चालतंय व्हय रं तुमास्नी?" मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "तू पाटी ल्ही. मोठ्ठी. माझं नाव घालून."

मी लिहिले: 'रशियन साम्राज्याचे चांदीचे रुबल. दर लक्ष्मीपूजनाला चिंचेने धुतलेले. धुणाऱ्या: चिमणाबाई चौगुले, कळंबा.'

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृहाबाहेरच्या फुटपाथवर, दुधाच्या उपड्या क्रेटवर नाणी आणि ती पाटी मांडून त्या बसल्या. अमरसिंह उठवायला आले.

"फुटपाथ तुझ्या मंडळाचा न्हाय," चिमणाबाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. "घ्या की हातात, पावणं. चिंचंनं न्हाय मेलं, तुमच्या हातानं काय मरतंय?"

आत कोणत्याही नाण्याला स्पर्श करण्याची परवानगी नव्हती. बाहेर संध्याकाळपर्यंत रुबल या हातातून त्या हातात फिरत राहिले. चांदीवर बोटांचे डाग पडतील म्हणून मी दर वेळी अंग आक्रसून घेत होतो.

यंदा दिवाळीपूर्वी त्या नाण्यांची जुनी छायाचित्रे आणि भिंग घेऊन मी कळंब्याला गेलो. चिंचेने आणि घासण्याने नाण्यांवरच्या झारची दाढी पुसट होत चालली आहे, हे छायाचित्रे आणि नाणी शेजारी शेजारी ठेवून त्यांना दाखवले. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिले.

"व्हय, झिजलीया," त्या म्हणाल्या आणि चिंच भिजत घातली. "पाटीवर त्ये बी ल्ही."

मी लिहिले.