पंपावरचं केळीचं सोपट

ऐन मे महिन्यात काकांच्या जुन्या मोटारीतून मी भडगावहून धुळ्याला मुलगी बघायला निघालो होतो. वाटेत एका केळीच्या बागेपाशी गाडी आचके देत बंद पडली. काकांनी कार्बोरेटरची नळी सोडून पाहिली, तर पेट्रोल थेंब थेंब येत होतं.

बागेला पाणी देणारे एक आबा फावडं टाकून आले. त्यांनी पेट्रोलच्या पंपाला बोट लावलं आणि चटका बसताच खूश होऊन मान हलवली.

"आमनी पानीनी मोटरबी दुपारले आशीच रुसस."

केळीच्या खांबाचं गारेगार, पाणीदार सोपट सोलून त्यांनी पंपाभोवती गुंडाळलं आणि बांधावर निवांत बसले.

"आबा, धुळ्याला मुलीकडची माणसं वाट बघतायत," मी म्हणालो.

"घाई तुमले शे भाऊ, गाडीले नही."

थोड्या वेळाने नळीतून चांगली धार आली.

संध्याकाळी सोयरीक पक्की करून परतताना आबांना पेढा द्यायला थांबलो. त्यांनी पेढा तसाच हातात धरून बॉनेट उघडायला लावलं, पंप चाचपला, वाळलेलं सोपट काढून नवं गुंडाळलं आणि मगच माझ्याकडे वळले.

"बेस शे. आते सांगा, पोर कशी शे?"