अजून कुठल्या गोळ्या चालू आहेत?

मी निघाले त्या दिवशी अण्णांनी मेडिकल बंद ठेवलं नाही. मुंबईला जाणारी गाडी दुकानासमोर उभी, आई रडतेय, मामा डिकीत बॅगा कोंबतोय, आणि माझे वडील काउंटरच्या आत कुणाला तरी खोकल्याचं औषध कसं घ्यायचं ते समजावून सांगतायत. गिऱ्हाईक गेलं तेव्हा ते बाहेर आले, हातात एक कापडी पिशवी घेऊन. आत गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. प्रत्येक पट्टीवर त्यांच्या तिरक्या अक्षरात बॉलपेननं लिहिलेलं: ताप, जुलाब, पित्त, अंगदुखी. "तिकडं डॉक्टर लवकर भेटत नाही म्हणतात," ते म्हणाले. मी पाया पडून उठले आणि तेवढ्यात न राहवून ते बोललेच, "काउंटरवरच उभं राहायचं होतं, तर हे काउंटर काय वाईट होतं?"

लोणंद मागे पडेपर्यंत मी रडले. त्यानंतर जो राग आला तो अजून पुरता उतरलेला नाही.

हे मी फलटणच्या आमच्या लोकांसाठी लिहितेय आणि इथं अमेरिकेत, श्रूजबरीतल्या आपल्या लोकांसाठीही. दोन्हीकडच्यांवर मी चिडलेली आहे, तेव्हा कुणी आपल्याला वगळलं असं वाटून घेऊ नये. ज्या काकूंबद्दल लिहिलंय त्यांना विचारलंय, आणि नावं बदलली आहेत.

पुण्यात फार्मसी शिकून, निखिलशी लग्न करून मी इथं आले. तो सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या व्हिसावर आले म्हणून मला काम करायची परवानगी नव्हती. काही वर्षं मी इथल्या औषधांच्या दुकानांत फक्त गिऱ्हाईक म्हणून गेले आणि रांगेत उभी राहून काउंटरमागच्या बाईचा हेवा केला. परवानगी आली, परीक्षा झाल्या, लायसन्स मिळालं. तेव्हा सरळ नोकरी धरायची सोडून मी रेसिडेन्सीला अर्ज केला. एक वर्ष, कमी पगार, जास्त काम. घोड्यावर बसता येत असताना चालत निघालीस, असं निखिल म्हणाला होता, पण डबा तोच भरून द्यायचा.

"रेसिडेन्सी? ती डॉक्टर लोकांची असते ना?" हे मला महाराष्ट्र मंडळात इतक्या जणांनी ऐकवलं की शेवटी मी नुसती हसायला लागले. निखिलचा मित्र अभिजित म्हणाला, "म्हणजे इंटर्नशिप टाइप ना, यार?" फलटणहून आत्या विचारायची, "अजून शिकतीच आहेस का?" आणि अण्णा दर रविवारी फोनवर: "अजून शिकाऊच?" मी सांगायचे की अण्णा, लायसन्स असलेली फार्मसिस्ट आहे मी, हे त्याच्या पुढचं आहे. दुकानात येणाऱ्या माणसाला समोर बसवायचं, त्याची सगळी औषधं एकत्र बघायची, कुठली कुठलीशी भांडते ते शोधायचं, त्याच्या डॉक्टरला फोन करून बदलायला लावायचं, लस द्यायची, साखर कशी मोजायची ते शिकवायचं. अण्णा म्हणायचे, "मग आम्ही काय वेगळं करतो?" आणि विषय पावसापाण्यावर जायचा.

इथल्या लोकांवरही माझा राग काही कमी नव्हता. मी रेसिडेन्सी करत होते त्या आमच्या दुकानाला ड्राइव्ह-थ्रू आहे, म्हणजे गाडीत बसूनच औषध घ्यायची खिडकी. गाडी खिडकीशी किती वेळ थांबली ते मॅनेजरच्या स्क्रीनवर दिसतं आणि जास्त वेळ झाला की आकडा लाल होतो. गाडीतल्या माणसाला काय होतंय, हे दाखवणारा स्क्रीन कुठंच नाही. सकाळी मला शिकवायचे की पेशंटशी शांतपणे बोल, आणि दुपारी म्हणायचे की खिडकीवर जरा भराभर कर. मला शिकवणारी फार्मसिस्ट डनीज, केस पांढरे झालेली, उंच आणि कडक बाई. पहिल्याच आठवड्यात तिनं मला एक सवय लावली. कुणीही येऊ दे, विचारायचं: अजून कुठल्या गोळ्या चालू आहेत? ओळखीच्या माणसाला तर नक्की विचारायचं, ती म्हणाली, कारण त्याच्याबद्दल आपल्याला वाटतं की सगळं माहीत आहे.

अभिजितची आई, कुसुमकाकू, आमच्याच दुकानातून औषधं न्यायच्या. मूळच्या नागपूरच्या. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी होती. एकदा गुडघ्यासाठी पेनकिलर मागायला आल्या. मी त्यांना बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि नीट मराठीत सांगितलं की काकू, तुमच्या रक्ताच्या गोळीबरोबर ही गोळी चालत नाही, पोटात रक्तस्राव होईल. साधी पॅरासिटामॉल घ्या, मलम देते, आणि मी तुमच्या डॉक्टरशी बोलते. काकूंनी मान हलवली. जाताना माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "शिकून राहिली ना अजून? होईल हळूहळू."

त्याच वर्षी आई-अण्णा आले. अण्णांच्या बॅगेत कपडे कमी आणि औषधं जास्त. मी पिशवी बघितली आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "अण्णा, ही आपल्या घरापुरती. इथं कुणाला एक गोळीही द्यायची नाही." ते म्हणाले, "बरं." माझ्या वडिलांचं 'बरं' म्हणजे काय असतं, ते मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी कामाला गेले.

आणि मंडळाला अण्णा सापडले. इथं गुडघा दाखवायचा तर पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट, आणि दाखवून हातात काय, तर व्यायामाचा कागद. अण्णा मात्र पार्कात बाकावर बसलेले, मराठीत बोलणारे, हसरे, दुखतंय म्हटलं की पिशवीत हात घालणारे. लोक मला येऊन सांगायचे, तुझे वडील म्हणजे देवमाणूस आहेत गं. मला वाटायचं, गप्पा मारत असतील.

एका शनिवारी दुपारी ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीशी अभिजितची गाडी आली. "ॲसिडिटीचं काहीतरी स्ट्राँग दे ना. आईला बरं वाटत नाहीये." काय होतंय म्हटलं, तर म्हणाला, वीकनेस आहे, चक्कर येते, पोट ठीक नाही. मी विचारलं, अजून कुठल्या गोळ्या चालू आहेत? "नेहमीच्याच. यार, मागे लाईन आहे." मागच्या सीटवर काकू काचेला डोकं टेकून बसल्या होत्या. चेहऱ्याला रंग असा नव्हताच.

मी खिडकी सोडली आणि दुकानाच्या दारातून बाहेर, गाडीपाशी गेले. असं करायचं नसतं. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मी काकूंच्या बाजूचं दार उघडून वाकून विचारलं, काकू, संडासला कशी होते? त्या लाजल्या, मुलाकडे बघितलं, आणि हळूच म्हणाल्या, "काळी होऊन राहिली गं. डांबरासारखी." काळी म्हणजे पोटात रक्त जातंय.

"गुडघ्यासाठी काही घेतलंत?"

"ते तर एकदम छान आहे आता. अण्णांनी दिली न गोळी." आणि पर्समधून त्यांनी पट्टी काढली. अर्धी संपलेली. मागे बॉलपेननं, तिरक्या अक्षरात: गुडघे.

त्या अक्षरावर मी लहानाची मोठी झाले. माझ्या शाळेच्या पुस्तकांच्या कव्हरवर ते होतं, डब्यांवर होतं, पहिल्या पिशवीतल्या पट्ट्यांवर होतं. पेनकिलर होती, चांगली जोरदार. पट्टी मी खिशात टाकली. अभिजितला म्हटलं, आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीला जा, मी फोन करून ठेवते. तो म्हणाला, "अगं, आधी डॉक्टरांना विचारतो ना. तू ट्रेनिंगमध्ये आहेस, पॅनिक होऊ नकोस." मी भर दुकानासमोर ओरडले. काय ओरडले ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण तो गेला. आत आले तर माझ्या खिडकीवर डनीज उभी राहून गाड्या काढत होती, आणि मॅनेजर लाल आकड्याकडे बोट दाखवत होता. मी त्याच्याकडे न बघता हॉस्पिटलला फोन लावला आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं नाव सांगितलं, पेनकिलरचं सांगितलं, अर्धी पट्टी संपल्याचं सांगितलं.

काकूंना रक्त चढवावं लागलं. वाचल्या. तिथल्या डॉक्टरनं अभिजितला सांगितलं की आणखी उशीर केला असता तर कठीण होतं.

घरी गेले तेव्हा अण्णा आईबरोबर चहा पीत बसले होते. मी पट्टी त्यांच्यापुढे टाकली. आयुष्यात पहिल्यांदा मी वडिलांवर आवाज चढवला. काकूंना विचारलंत का, अजून काय चालू आहे ते? एक प्रश्न, अण्णा! एवढासा प्रश्न! आई मध्ये पडायला लागली तर तिलाही गप्प केलं. अण्णा पट्टीवरच्या स्वतःच्या अक्षराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फलटणला विचारावं लागत नाही गं."

हे खोटं नव्हतं, आणि म्हणून मला जास्त राग आला. फलटणला प्रत्येकाची चिठ्ठी त्यांच्याच काउंटरवर येते. कुणाला साखर, कुणाचं हृदय, कुणाला कशाची ॲलर्जी, सगळं त्यांच्या डोक्यात. पण ते गोळ्यांची पिशवी घेऊन समुद्र ओलांडून आले आणि गाव मागेच राहिलं. इथं त्यांना काकूंचा फक्त गुडघा माहीत होता. मराठीत दुखतंय म्हटलं की माणूस ओळखीचं झालं, असं त्यांना वाटलं. इथल्या तुम्हा सगळ्यांनाही तेच वाटलं.

आणि काकू! त्यांना मी खुर्चीवर बसवून सांगितलं होतं. पण मी शिकाऊ पडले, अण्णा अनुभवी.

पुढच्या आठवड्यात मंडळातल्या एक मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अण्णांचा हेतू वाईट नव्हता. तू हॉस्पिटलला एवढं सगळं सांगायला नको होतंस. घरातलं घरात राहिलं असतं." घरातलं घरात! बाई मरणाच्या दारात होती. मावशी, हे वाचत असाल तर सांगते, मी पुन्हाही सांगेन, दहा वेळा सांगेन. आणि तुमच्या किचनच्या ड्रॉवरमध्ये भारतातून आणलेल्या ज्या अँटिबायोटिक्सच्या पट्ट्या आहेत, त्या घेऊन दुकानात या. फुकट बघून देते.

अण्णा काकूंना भेटायला हॉस्पिटलमध्ये गेले, हात जोडून उभे राहिले. घरी माझ्याशी मात्र मोजकंच बोलायचे. परतायच्या आदल्या दिवशी मी कामावर असताना ते दुकानात आले. पहिल्यांदाच. दाराशी जुनी औषधं टाकायची पेटी आहे. तिच्यासमोर उभं राहून त्यांनी पिशवीतली एकेक पट्टी आत टाकली. मग गेले नाहीत. लशीच्या खुर्च्यांपैकी एकीवर बसून मला बघत राहिले. मी एका म्हाताऱ्या ट्रक ड्रायव्हरच्या गोळ्यांच्या बाटल्या टेबलावर मांडून त्याच्याशी बोलत होते. अण्णांना इंग्रजी कळतं, पण इतक्या भराभर नाही. तो माणूस गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "प्रत्येकाला विचारतेस?" मी म्हटलं, "प्रत्येकाला." कापडी पिशवीची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. माझा राग अजून होताच. तो तसाच घेऊन मी त्यांना दुसऱ्या दिवशी विमानतळावर सोडलं.

रेसिडेन्सी संपली. त्याच दुकानात मी आता फार्मसिस्ट आहे. काकू गुडघ्याला मलम लावतात आणि मला अजून "शिकून राहिली का" विचारतात. आता चेष्टेत. निदान मी तसं समजते.

परवा अण्णांना फोन केला तेव्हा फलटणला सकाळची गर्दी होती. "थांब जरा," म्हणून त्यांनी फोन काउंटरवर ठेवला. मला पट्टी कात्रीनं कापल्याचा आवाज आला, रस्त्यावरची एसटी ऐकू आली. घर म्हटलं की मला पूर्वी हेच काउंटर आठवायचं, जिथं आपल्याला कुणी काही विचारत नाही कारण सगळं माहीतच असतं. त्याच घरासाठी मी लोणंदपर्यंत रडले होते. आता तसल्या घराची मला भीती वाटते.

मग अण्णांचा आवाज आला. "अजून कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

समोरचे वैतागले. आवाजावरून वाटतं, कोपऱ्यावरचे सायकलवाले शिंदेकाका असावेत. "काय अण्णा, चेष्टा करताय का? तुम्हीच तर देता. तुम्हाला म्हायती नाही व्हय?"

"माहीत आहे," अण्णा म्हणाले. "तरी सांगा."