दुसरा साक्षीदार

दुर्बीणकाकांचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नव्हता, माझ्या डोळ्यांवर होता. यावरून समजा, माणूस किती हट्टी असेल.

भाईंदर पूर्वेला आमच्या रिक्षा स्टँडसमोर राहायचे. रिटायर झाल्यावर चेण्याच्या जंगलात पक्षी मोजायचे, तेही फुकट. एकदा त्यांचा जोडीदार आला नाही, तर मलाच रिक्षातून खाली ओढलं.

"काका, मला कावळा आणि कोंबडीच्या पुढं काय ओळखता येत नाय."

"ओळखू नकोस. नुसतं बघ. एकानं पाहिला तो भास. दोघांनी पाहिला तरच कागदावर लिहायचा."

झालं, माझे रविवार बुडाले. काका बोट दाखवायचे, मी "कुठं? कुठं?" करायचो.

"उडाला! तुझं 'कुठं' संपेपर्यंत थांबतोय होय तो?"

तंबाखू मळली तरी ओरडायचे. माझ्या पोटात गुरगुरलं तर म्हणायचे, "आवर त्याला!"

त्यांचा जीव अडकलेला कर्णा नावाच्या एका पक्ष्यात. पोट लालभडक, पण माणूस दिसला की पाठ फिरवून बसतो, आणि पाठ वाळक्या पानासारखी. काकांना कर्णा दिसायचा. मला पानं दिसायची. कागद कोराच.

मग त्यांचा मोतीबिंदू वाढला. मुलगी नाशिकला न्यायला आली. शेवटच्या रविवारी मी ठरवलं, म्हाताऱ्याला खूश करून पाठवायचं. ते वाटेत थांबले, तसा मी ओरडलो, "दिसला काका! लालबुंद!"

"अरे, मी चष्मा पुसायला थांबलोय."

"मग तसाच लिहून टाका ना. तुम्ही बघितलाय की इतक्यांदा. कोण विचारतंय?"

"मी विचारतोय," म्हणाले. कोरा कागद घडी करून खिशात टाकला.

पुढच्या थंडीत घोडबंदरचं भाडं मिळालं. चेण्याजवळ रिक्षा थांबवून मी झाडामागं गेलो, मोकळा व्हायला. समोरच्या फांदीवर कर्णा! पोट सरळ माझ्याकडं. मी तसाच, पँट धरून उभा. तो उडाला तसा नाशिकला मोबाईल लावला.

"काका, दिसला! आईशप्पथ दिसला!"

"सोबत कोण होतं?"

"कोण नाय. पॅसेंजर रिक्षात बसलाय."

"मग त्याला बोलवायचं ना, गाढवा!"

"कसं बोलवणार काका, मी कुठल्या अवस्थेत होतो..."

"मग भास झाला तुला."

असं म्हणाले, पण फोन ठेवेनात. मान हलवली का? शेपूट कशी होती? बसला किती वेळ? तिकडं पॅसेंजर हॉर्न दाबतोय, इकडं माझा बॅलन्स संपत आलाय, आणि जन्मात पहिल्यांदा मी म्हाताऱ्याला सगळं बरोबर सांगतोय.