इंदुबाईची जीभ

तरुणपणी इंदुबाई अशा शिव्या द्यायची, की लिंबायतच्या त्या गल्लीत नळावर तिच्याशी भांडायला कोणी पुढे यायचं नाही. खानदेशातून नवऱ्यामागं सुरतेत आली, घरी साड्यांचे धागे कापू लागली, आणि शेठ असो की शेजारीण, तिनं कुणाचीच गय केली नाही. नवरा सखाराम कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात राबूनही मवाळ. बायकोनं तोंड सोडलं की तो हळूच दार लोटून घ्यायचा.

मग ती प्रार्थनेला जाऊ लागली. दोघांनी बाप्तिस्मा घेतला. प्रभूचं नाव घेणाऱ्या तोंडातून घाण काढायची नाही, असं चर्चच्या पाळकांनी सांगितलं आणि इंदुबाईनं ते मनावर घेतलं. सुरुवातीला शिवी ओठांवर आली की ती पदराचा बोळा तोंडात धरायची. पुढे सवयच सुटली. उपासनेत गाणं तीच उचलायची. तिला बघून गल्लीतली माणसंही जीभ आवरायची.

गेल्या वर्षी तिला लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. एके सकाळी सखाराम पातळ खिचडी भरवत होता, तर ती त्याच्याकडे बघून स्पष्ट म्हणाली, "मुडद्या!"

आवाज ऐकून सखारामला रडूच फुटलं. इंदुबाईचे डोळे मात्र भीतीनं विस्फारले. तिला पाणी मागायचं होतं. तिनं पुन्हा जोर लावला, तर त्याहून वाईट शब्द बाहेर पडला.

डॉक्टर म्हणाले, "असं होतं, काका. बोलायचे शब्द अडकतात, शिव्या आपोआप निघतात. काकू मुद्दाम देत नाहीत."

चर्चच्या मंडळीतली चंचलताई प्रार्थनेला आली. शेवटी इंदुबाईला 'आमेन' म्हणायचं होतं. जे निघालं ते ऐकून चंचलताईनं कानांवर हात ठेवले. दाराबाहेर जाऊन ती म्हणाली, "जुनं सगळं आतच होतं म्हणायचं."

मग पाळक आले. भला माणूस. खाली मान घालून म्हणाले, "भाऊ, थोडे दिवस बाईंना रविवारी घरीच राहू द्या. लहान मुलं असतात."

खाटेवरून इंदुबाई ऐकत होती.

त्या दिवसापासून तिनं तोंड मिटलं. हवं-नको डाव्या हातानं दाखवायची. ओठ उघडायचे ते घासापुरते.

सखारामला घर खायला उठायचं. एकदा तिचे केस विंचरता विंचरता त्याचा धीर सुटला. "बोल ना व इंदू. शिव्या दे, मुडद्या म्हन माले, पन बोल!"

तिनं डाव्या हातानं त्याचे डोळे पुसले. ओठ थरथरले. मग तिनं ते दातांखाली दाबून धरले.

हिवाळ्यात ती गेली, तशीच, मुकी.

दफनाच्या वेळी पाळक म्हणाले, "आपल्या बहिणीनं शेवटपर्यंत जीभ पवित्र राखली." सगळे आमेन म्हणाले. सखाराम मूठभर माती घेऊन नुसता उभा. चंचलताईनं कोपराला धरून पुढे नेलं, तेव्हा कुठं त्यानं ती टाकली.

मंडळीचे लोक अजून येतात, उपासनेला चला म्हणतात. तो चहा करतो, प्रार्थनेला मान झुकवतो, पण जात नाही. एकदा पाळकांना म्हणाला, "देवानं तिचं ऐकून घेतलं असतं, पाळकसाहेब. आपणच नाही घेतलं."

 पाळकांनी चहाला हात लावला नाही.