पेडलवरचं नारळाचं पाणी

करून गेलो गाव आणि कांदळगावाचा नाव, असं आमच्याकडे म्हणतात. करणारा नामानिराळा आणि बोल भलत्यालाच. ही म्हण मी लहानपणापासून ऐकली, पण तिचा अर्थ मला कळला तो आमच्याच अंगणात, बाबांच्या जुन्या गाडीपाशी.

मालवणजवळच्या कट्टा गावापासून आत असलेल्या आमच्या वाडीत गाडी म्हणजे बाबांचीच. कोणाला सर्प चावू दे, कोणाचे दिवस भरू देत, हाक आमच्या दारात. बाबा आंब्यावरून पडले आणि त्यांचा उजवा पाय अधू झाला. शेतात उतरणं बंद, झाडावर चढणं बंद. गाडी तेवढी उरली. गाडी होती म्हणून लोक त्यांना माणसांत मोजत होते, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पण रेसची, म्हणजे ॲक्सिलरेटरची, केबल त्यांचा जीव काढायची. खाऱ्या वाऱ्याने ती गंजायची. बाबा तिच्यात खोबरेल सोडायचे, कारण घरात तेल म्हणजे तेच. थंडीत सकाळी ते गोठायचं आणि पेडल दगडासारखं घट्ट व्हायचं. मग बाबा गुडघ्यावर हात ठेवून वरून पाय दाबायचे.

माझा मोठा भाऊ, दादा, कोल्हापूरला गॅरेजमध्ये होता. दोन हजार सहा की सात साली चतुर्थीला तो टेम्पोतून अपघातात सापडलेल्या एका नव्या गाडीचं इंजिन घेऊन आला. सोबत तिचं पेडल, वायरींचा गुंता आणि इंजिनाचा कॉम्प्युटर असलेला एक डबा. केबल काढून टाकायची, म्हणाला. पेडलमध्ये सेन्सर असतो, पाय किती दाबला ते तो डब्याला सांगतो, डबा इंजिनाला सांगतो. आरत्या सोडून तो गाडीखाली होता. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. बाबांनी पेडलवर नुसता अंगठा टेकवला आणि इंजिन गुरगुरलं. झाडावरून पडल्यानंतर पहिल्यांदा मी त्यांना तसं हसताना पाहिलं.

नवं काही आलं की गाऱ्हाणं घालायचं, हा आमचा रिवाज. विहीर खणा, पंप बसवा, देवाला सांगितल्याशिवाय वापरायचं नाही. गावकार आले, म्हणजे गावच्या देवाच्या मानाचे पुढारी. नात्याने आमचे काकाच.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी सूर लावला, "ह्या गाडयेक आज नवीन काळीज बसवलेला आसा. तेची राखण कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

गावकारांनी नारळ फोडला. थोडं पाणी चाकांवर, थोडं इंजिनावर शिंपडलं. मग त्यांना काय सुचलं कोण जाणे. "गाडयेचे पाय धुवक व्हये," म्हणत त्यांनी दार उघडलं आणि उरलेलं सगळं पाणी पेडलवर ओतलं. दादाचा हात अर्धवट वर आला. मी त्याच्या शेजारीच होते. गावकारांनी त्याच्याकडे बघितलं, तसा हात खाली गेला आणि दुसऱ्या हाताला जोडला गेला. "व्हय म्हाराजा," दादा म्हणाला.

तो कोल्हापूरला परतला. पुढे थोड्याच दिवसांत गावकारांच्या सुनेला कळा सुरू झाल्या. बाबा तिला मालवणला घेऊन निघाले. पुढच्या चढावर दादाने बसवलेला बिघाडाचा पिवळा दिवा लागला आणि गाडी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. बाबा पेडल दाबतायत, इंजिन चालू आहे, पण जोर नाही. शेवटी मागून आलेल्या रिक्षात तिला हलवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. बाबांचं मात्र नाव गेलं.

"लंगड्याच्या हातात गाडी कोणी दिल्यान?" गावकारांनीच तिठ्यावर उभं राहून विचारलं. पाणी ओतणारे ते हेच.

दादा आला. त्याने पेडल उघडलं तेव्हा बॅटरी मी धरली होती. आत हिरवा गंज, आंबूस वास, आणि गोडाला लागलेल्या मुंग्या. त्याने मुंग्या फुंकल्या, सगळं पुसून कोरडं केलं, पेडल परत बसवलं.

"गावकारांका सांग," मी म्हटलं.

"गप रव. गावात तोंड दाखवूचा आसा माका."

आणि बाहेर जमलेल्या माणसांना तो म्हणाला, "गाडयेक काय्येक झाला नाय. बाबांचो पाय आता थारावर नाय." किती सहज म्हणाला! माझ्या अंगाची लाही झाली. बाबा पडवीत बसून ऐकत होते.

मी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. मुंग्यांसकट.

"चार माणसांत आपल्याच झिलाक खोटो पाडू काय गो?" ते एवढंच म्हणाले, आणि चावी देवघरातल्या खुंटीला अडकवली. ती त्यांनी पुन्हा काढली नाही. गाडीच्या टपावर कोंबड्या बसू लागल्या. हाका दुसऱ्या वाडीतल्या रिक्षाला जाऊ लागल्या. समोरून हाक गेली की बाबा उठून आत जायचे.

दोन हजार दहाच्या मे महिन्यात दादाने स्वतःची कोरी गाडी आणली. पुन्हा अंगण, पुन्हा गावकार, पुन्हा नारळ. बाबांना खुर्ची दिली होती, अगदी पुढे. गाऱ्हाणं सुरू व्हायच्या आधी दादाने गाडीचं दार उघडलं, खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, पेडलला नीट गुंडाळली आणि वर दोरीने गाठ मारली. गावकार एका शब्दाने बोलले नाहीत. इतकं सोपं होतं ते.

दादा वळला आणि त्याची बाबांशी नजरानजर झाली.

"नवीन गाडी आसा बाबानू," तो पुटपुटला.

"बरा केलंस," बाबा म्हणाले.

गावकारांनी सूर लावला. माझ्याने 'व्हय' म्हणवेना. बाबांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला, पूर्वी घट्ट पेडलवर दाबायचे तसा दाबला, आणि सगळ्यांच्या आधी म्हणाले, "व्हय म्हाराजा."